सुई लागली त्याचा फॉर्म

१. कर्मचाऱ्याचे नाव व हुद्दा

नाव तिने झटकन लिहिलं. हुद्द्यापाशी पेन अडलं. निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष. खरं तर सातवं. आधीची साडेपाच वर्षं पदवीत गेली, पण फॉर्मला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती घर सोडून शिकायला आली तेव्हा धाकटी बहीण अकरा वर्षांची होती. मधल्या काळात धाकटीच्या दातांना तार लागली आणि निघालीसुद्धा. ताईने दोन्ही फोटोतच पाहिलं.

२. घटनेची वेळ

दहा वाजून वीस मिनिटं.

आता अकराला पाच कमी. लागण रोखणाऱ्या गोळ्या दोन तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वॉर्डात नवीन आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना हे सगळं तीच शिकवायची. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, उघडी सुई तशीच डब्यात टाकायची. "टोपण लावताना दिसलात तर बोटं मोडीन," असं ती इतक्यांदा म्हणाली होती की पोरं पाठीमागे तिला टोपणमॅडम म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

दोन तास म्हणजे बारा वीस. फॉर्म पुरा झाल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत, हा इथला नियम.

खिशात फोन थरथरला. धाकटी. "ताई, चारला प्रवेशाची खिडकी बंद होतेय. जाऊ ना मी मेडिकलला? तू सांग. आई म्हणतेय ताईला विचार."

३. घटना कशी घडली (दोन ओळींत)

दोन ओळींत काय मावणार. तरी घडलं ते असं.

सात नंबरच्या खाटेवर एक शिंपी होते. वॉर्डात सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीन आठवडे ताप, वजन निम्म्यावर आलेलं, हात असे की नुसत्या शिराच असाव्यात असं वाटावं, पण टोचायला गेलं की एकही हाती लागू नये. दोन शिकाऊ पोरांनी चार ठिकाणी टोचून हात टेकले. मग तिला बोलावलं. अवघड शीर तिला सापडते, असा तिचा लौकिक. तिने कोपराच्या खाली बोट फिरवलं, डोळे मिटले, आणि एका टोचण्यात रक्त आलं.

"हातात कसब आहे हो तुमच्या," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे असतात तर काज करायला बसवलं असतं तुम्हाला."

ती हसली. नळ्या भरल्या. सुया टाकायचा डबा कुणीतरी वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला होता. ती उघडी सुई हातात धरून वळणार, तेवढ्यात मास्तरांनी चादरीवर पडलेलं टोपण उचललं आणि अदबीने पुढे केलं. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला उघडी सुई बघवत नाही. ती टाचणीच्या उशीत तरी हवी, नाहीतर डबीत.

आणि ती, टोपणमॅडम, म्हाताऱ्या माणसाने एवढ्या अगत्याने दिलेली वस्तू नको कशी म्हणायची, म्हणून "थँक्यू मास्तर" म्हणाली आणि टोपण लावायला गेली.

सुई टोपणात गेली नाही. हातमोज्यातून डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गेली.

दुखलंसुद्धा नाही. 

४. घटनेच्या वेळी सुईला टोपण लावले जात होते का? (हो / नाही)

इथे तिने पेन खाली ठेवलं. "नाही" वर खूण केली तर कोण बघायला आलंय. "हो" वर केली तर फॉर्म विभागप्रमुखांकडे जाणार. ते सगळ्यांसमोर तिला काय म्हणतील, कुठल्या आवाजात म्हणतील, हे तिला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. आणि नवल म्हणजे, मरणाच्या भीतीइतकीच ही भीतीही मोठी होती. सात वर्षांनी माणसाचं हे असं होतं तर.

तिने "हो" वर खूण केली. खूण चौकटीबाहेर गेली.

५. ज्या रुग्णाच्या रक्ताशी संबंध आला, त्याची तपासणीसाठी संमती

"मास्तर, एक विचारायचं होतं."

"विचारा की. ब्लाउज शिवायचाय?"

तिने स्टूल ओढलं. सुई मला लागली, तुमच्या रक्ताची एक तपासणी करावी लागेल, तशी ती उद्या करायचीच होती, नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, पाठ केलेलं सांगावं तसं.

मास्तर तिच्या बोटाकडे बघत राहिले. "बोट लगेच तोंडात घातलं का?"

"नाही. तसं करायचं नसतं."

"आम्ही घालतो. बोट तोंडात, आणि दुसऱ्या हाताने मशीन चालूच." त्यांची नजर चादरीकडे गेली. "टोपण मी दिलं होतं."

"तुमचा काही दोष नाही त्यात."

"मी कुठे म्हणतोय दोष. दिलं होतं, एवढंच म्हणतोय." आणि विचारलं, "माझ्यामुळे काही होईल का तुम्हाला?"

"बहुतेक नाही."

"आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं, दिवाळीआधी मिळेल का, तेव्हा आम्ही बहुतेक म्हणतो," मास्तर म्हणाले. हसले नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण डॉक्टरबाई, तुम्हाला होईल अशी भीती आहे, म्हणजे मला आधीच झालंय अशी शंका आहे. बरोबर ना?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली, ते तिच्याकडे. दोघांनाही एकमेकांची भीती वाटत होती आणि दोघंही अगदी सभ्यपणे बसून होते. मास्तरांनीच फॉर्म ओढून घेतला आणि सही केली, एकसारख्या टाक्यांची.

६. धोक्याची कल्पना दिली आहे का?

दिली आहे. तिने स्वतःच स्वतःला दिली.

भीती एचआयव्हीची होती. तो रुग्णाला असलाच तर सुईतून लागण होण्याची शक्यता हजारात तीन. गोळ्या वेळेत घेतल्या तर त्याहून कितीतरी कमी. रडवेल्या नर्सना, घाबरलेल्या सफाई कामगारांना तिने हा आकडा पाठीवर हात ठेवून सांगितला होता. हजारात तीन म्हणजे काहीच नाही हो.

आता लॅबबाहेरच्या गॅलरीतून खाली बाह्यरुग्ण विभागाची गर्दी दिसत होती. रांगा, बाकडी, कडेवरची पोरं. हजार माणसं असतील नसतील. नकळत तिची नजर त्यांच्यातून तिघं निवडू लागली. निळ्या शर्टवाला. छत्रीला टेकून बसलेली बाई. तिसऱ्यापाशी तिने डोळे मिटून घेतले.

लॅबवाला दारात आला. इतर वेळी तो आतूनच ओरडून निकाल सांगायचा.

"फिकट आहे, मॅडम."

"म्हणजे नाही?"

"फिकट आहे. पण रेघ आहे." तो पट्टीकडे न बघता तिच्या बुटांकडे बघत होता. "दुसऱ्या पद्धतीने लावतो. उद्या कळेल. कधी कधी चुकीचीही येते हो. तुम्ही गोळ्या सुरू करा."



७. नातेवाइकांना कळवले आहे का?

धाकटीला पाठवायला तिने जिन्यात उभं राहून जे लिहिलं आणि खोडलं, ते असं:

घे प्रवेश. छान आहे सगळं.

घे, पण विचार कर.

नको घेऊस. केस गळतात, मैत्रिणी तुटतात, आजोबा गेले तेव्हा मी परीक्षेत होते आणि मला तीन दिवसांनी सांगितलं, तुला तर माहितीच

थोड्या वेळाने फोन करते.

यातलं एकही गेलं नाही.

८. औषधोपचार केव्हा सुरू केला

बाराला दहा मिनिटं असताना ती लसीकरणाच्या खोलीत शिरली. कर्मचाऱ्यांच्या गोळ्याही तिथूनच मिळत. आत खुर्चीत, डावी बाही खांद्यापर्यंत वर करून, धाकटी बसली होती.

"ताई? तू इथे कशी?"

"तू कशी इथे?"

"कागदपत्रांच्या यादीत काविळीची लस आहे. म्हटलं कागद दाखवायला घरून इथवर आलेच आहे तर घेऊन टाकावी, आणि तुला गाठावं. मेसेजला उत्तर द्यायला तुला मुहूर्त लागतो."

मोठ्या सिस्टर कपाटात डोकं घालून होत्या. निवृत्तीला आलेली बाई, आवाज मात्र घंटेसारखा. त्या मागे न बघताच म्हणाल्या, "सुई लागलेल्या तुम्हीच ना? फोन आला होता लॅबमधून. अठ्ठावीस दिवस चुकवायच्या नाहीत, मळमळलं तरी. फॉर्म आणा इकडे."

धाकटी हळूच म्हणाली, "कुठली सुई?"

ताईने फॉर्म पुढे केला तो सिस्टरांच्या हाती पडायच्या आत धाकटीने घेतला. लहानपणी ती ताईची पुस्तकं अशीच ओढून घ्यायची. ती वाचू लागली, ओठ हलवत. चौथ्या प्रश्नापाशी थांबली.

"टोपण लावायचं नसतं. मी नववीत असताना तूच फोनवर सांगितलं होतंस, मला काही देणंघेणं नसताना."

"हो."

"मग?"

"त्यांनी उचलून दिलं. मला नाही म्हणवलं नाही."

"घरी पण तू अशीच. कुणी तिसरी पोळी वाढली तरी नाही म्हणवत नाही." धाकटीने फॉर्म सिस्टरांकडे सरकवला. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मला सांगणार होतीस? की चार वाजून जाऊ देणार होतीस?"

सिस्टरांनी गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. ताईने गोळी गिळली.

"एक विचारू?" धाकटी म्हणाली. "पहिल्यापासून परत सुरू करायला मिळालं, तर घेशील का तू हे?"

ताईने रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "सकाळी त्या म्हाताऱ्यांची शीर कुणालाच सापडत नव्हती. मला सापडली. सिरिंजमध्ये रक्त आलं ना, तेव्हा इतकं बरं वाटलं. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. ते दुसरीकडे कुठे मिळालं असतं, मला नाही माहीत."

"मग घेशील?"

"तिथून अर्ध्या मिनिटात हे झालं."

"ताई, हो की नाही?"

"आज विचारशील तर नाही."

धाकटीने मान खाली घातली आणि बाही हळूहळू खाली केली, मनगटापर्यंत, बटणही लावलं.

ताईला एकदम हलकं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं. पोरगी वाचली. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःच्या त्या आनंदाचीच धडकी भरली. सात वर्षं ज्यासाठी घातली, त्यातून कुणी वाचलं म्हणून आपण खूश होतोय. हे आत कधीपासून बसलं होतं?

"बाळा, लस भरलीय मी," सिस्टर म्हणाल्या. "टोचू का फेकू, ते सांग."

धाकटी बटणाशी खेळत होती. "ताई, मी सकाळीच प्रवेशाला हो म्हणून आलेय. नऊ वाजता. आईलासुद्धा नाही सांगितलं."

"मग मला कशाला विचारत होतीस?"

"तू हो म्हणशील असं वाटलं होतं." तिने नाक ओढलं. "म्हणजे भीती जरा कमी झाली असती. चारपर्यंत मागे घेता येतं."

"मग घे मागे."

धाकटीने ताईकडे पाहिलं, अगदी परक्या माणसाकडे बघावं तसं. "तुझ्याजागी मी असते आणि तू विचारलं असतंस, तर मी पण नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण तू ऐकलं नसतंस." बटण काढलं. बाही वर गेली. "द्या सिस्टर."

शेकडो माणसांना सुया टोचलेली ताई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिली. झाल्याचं तिला सिस्टरांच्या आवाजावरून कळलं.

"पंधरा मिनिटं इथेच बसायचं. चक्कर आली तर सांगायचं, शूरपणा करायचा नाही."

वॉर्डातून शिपाई आला. सात नंबरचे मास्तर विचारतायत, निकालाचं काय झालं. सगळ्यांना विचारून झालं, म्हणतात त्या डॉक्टरबाईंकडूनच ऐकेन.

"मी येऊ?" धाकटीने विचारलं.

"पंधरा मिनिटं म्हणाल्या ना त्या."

"तू काय सांगणार त्यांना?"

"फिकट आहे म्हणून सांगणार. उद्या कळेल म्हणून सांगणार."

"आणि ते तुझ्याबद्दल विचारतील तेव्हा?"

ताई निघाली. पाठीवर धाकटीची नजर होती, म्हणून ती ताठ मानेने, भराभर चालली, कुठे काय करायचं ते पक्कं ठाऊक असलेल्या माणसासारखी. जिन्याच्या वळणावर, जिथून ती खोली दिसत नाही, तिथे ती कठडा धरून थांबली. गोळी घशात कडवट चढून आली. वरच्या मजल्यावर मास्तर उशीला टेकून वाट बघत असणार. चार वाजायला अजून जवळजवळ चार तास होते. तेवढ्यात पोरीला पंचवीस वेळा मत बदलता येईल, आणि तिने ते बदलावं असं वाटतंय की बदलू नये असं, ते ताईला काही केल्या कळेना.

वरून कुणीतरी हाक मारली. "आले," ती म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.