उभे लावलेले दगड

इंग्लंडच्या राजाने मठ मोडले त्या साली, मठाची जमीन मिळालेल्या सर गाइल्स रेस्बीने तिथल्या ब्रदर ऑस्टिन या साधूला मठाच्याच वेशीवर फाशी दिलं. मठाचा चांदीचा एक पेला राजाच्या माणसांपासून लपवला, एवढाच त्याचा गुन्हा. प्रेत त्याने वसंतापर्यंत उतरवू दिलं नाही. मग त्याच गाइल्सने मठाच्या दगडांतून हवेली बांधायला गवंडी बोलावला, तो ऑस्टिनचा सख्खा भाऊ हॅमंड. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात त्याच्या तोडीचा दुसरा होता कुठे?

हॅमंड "होय सरकार" म्हणाला. लोक म्हणाले, पोटासाठी माणूस लाज गुंडाळून ठेवतो. म्हणोत बापडे.

दगड खाणीत जसा आडवा निजलेला असतो तसाच भिंतीत निजवायचा, हा गवंड्याचा पहिला धडा. मठ बांधणाऱ्यांनी तो पाळला होता. हॅमंडने मात्र मठातून काढलेला एकेक दगड हवेलीच्या दर्शनी भिंतीत उभा लावला.

जोडीदार विल्किनच्या ते लक्षात आलं. "अरे, दगडाचे थर उभे आलेत. पाणी शिरून गोठलं की पापुद्रे सुटतील."

"सुटू देत."

"दहा-बारा हिवाळे लागतील. तोवर जगशील?"

"मी जगेनच. तो जगला पाहिजे."

विल्किनने जरा वेळ दाढी खाजवली. "चुना कालवतो," म्हणाला.

तेव्हापासून हॅमंड दर रविवारी गाइल्सच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करू लागला, अगदी मनापासून. गाइल्सला साधा ताप आला तरी याच्या घशाखाली घास उतरत नसे.

बाराव्या हिवाळ्यात भिंत कांद्यासारखी सोलू लागली. दाराच्या कमानीवर कोरलेल्या कुळचिन्हाचा पुढचा पापुद्राच गळून पडला. गाइल्स आता पायांनी अधू झाला होता. त्याने हॅमंडला बोलावून घेतलं.

"त्या मठावर छप्पर नाही, तरी उरलेल्या भिंती धड आहेत. दगड तोच ना?"

"तोच, सरकार."

"मग माझ्याच घराला कसला रोग झालाय?"

या प्रश्नासाठी हॅमंड बारा वर्षं थांबला होता. "तिथे दगड निजवलेत. इथे मी उभे ठेवलेत, एकूण एक. माझ्या भावाला तुम्ही निजू दिलं नाहीत, तसे."

गाइल्स पांढराफटक पडला. "तुलाही लटकवीन."

"लटकवा," हॅमंड शांतपणे म्हणाला. "फक्त तुमच्या दारात नको, सरकार. त्या कमानीला आता माणसाचं ओझं पेलायचं नाही."