शिसवी पलंगाची वरात

रियाज आणि जमिलाच्या लग्नाला दीड महिना झाला होता. चिंचवड गावात छबूबाईंच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. त्या खोल्यांत एक सतरंजी, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भिंतीवर छप्पन्न सालचं कॅलेंडर, एवढंच सामान होतं. बोललं की आवाज घुमायचा. जमिलाला त्याची गंमत वाटायची. स्वयंपाक करता करता ती मुद्दाम मोठ्याने रियाजला हाक मारायची आणि घुमलेली हाक ऐकून स्वतःच "ओ" द्यायची.

रियाज मुंबई-पुणे रस्त्यावर उद्धवरावांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. जमिला खेडची, मीरासाहेब पॉलिशवाल्यांची लेक. आई लवकर गेलेली, म्हणून मीरासाहेब कामाला जाताना तिला बरोबर न्यायचे. बाकीच्या मुली भातुकली खेळत होत्या त्या वयात ही लाख आणि स्पिरिट कालवत होती. डोळे मिटून नुसता तळवा फिरवला तरी लाकूड कुठलं ते तिला कळायचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी देहूरोडला नानासाहेबांची मोटार बंद पडली. रियाज दुरुस्तीला निघाला तशी जमिला म्हणाली, "मीबी येते. घरात भिंतींशी किती बोलू?"

नानासाहेब म्हणजे लष्कराला माल पुरवणारे जुने कंत्राटदार. साहेबलोक विलायतेला निघाले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं फर्निचर त्यांनी उचललं आणि आपल्या बंगल्यात ठेवलं. आता बायको राहिली नव्हती, लेक नागपुरात बोलावत होती. बंगला विकला गेला होता आणि सोमवारी सकाळी किल्ली नव्या मालकाला द्यायची होती. उरलेलं फर्निचर रविवारी संध्याकाळी पुण्याचा एक लाकूडवाला नेणार होता. फर्निचर म्हणून नव्हे, चिरून चौकटी करायला.

रियाज मोटारीखाली शिरला. नानासाहेबांनी जमिलाला दिवाणखान्यात बसायला सांगितलं. पाच मिनिटांत ती धावत बाहेर आली.

"नानासाहेब, घरात गोडंतेल हाय का? आन एक जुनं धोतर?"

नानासाहेब चकित झाले, पण दोन्ही दिलं. दिवाणखान्यात चार खांबांचा एक अवाढव्य पलंग उभा होता, वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि धुराने काळा मिचकूट झालेला. जमिलाने खांबाच्या तळाशी तेलाचा बोळा फिरवला, मग धोतराची घडी करून दाबून घासलं. तळहाताएवढ्या जागेत काळपट जांभळं लाकूड वर आलं आणि त्यातून तांबूस रेघा पाण्यासारख्या वाहायला लागल्या.

"हे शिसव हाय, नानासाहेब. उमदं, जुनं शिसव. खिळा न्हाई, स्क्रू न्हाई. सगळं एकात एक बसवलंय, बघा तरी!"

नानासाहेब वाकून बघत राहिले. "नऊ वर्षं झोपलो गं याच्यावर. मला वाटायचं, काळा रंग दिलाय."

जमिलाला हसू आलं. ते नानासाहेबांना नव्हतं, नुसता आनंद मावेना म्हणून होतं. ती कपाटाकडे धावली, आरशाच्या टेबलाकडे धावली, बारा माणसांच्या जेवणाच्या टेबलाखाली रांगत गेली आणि तिथून ओरडली, "हे बी शिसव!" हात पुसत आत आलेल्या रियाजला फक्त टेबल बोलताना ऐकू आलं.

"तुमचं घर केवढं आहे रे?" नानासाहेबांनी विचारलं.

"दोन खोल्या आहेत," रियाज म्हणाला.

"मोठ्या हायत," टेबलाखालून आवाज आला.

मोठ्या मुळीच नव्हत्या.

नानासाहेब खुर्चीत बसले. "ऐका. उद्या तो लाकूडवाला संध्याकाळी येतोय. त्याच्या आधी जेवढं न्याल तेवढं तुमचं. आणि किंमत विचारू नका. ज्याला कळतं त्याच्या घरी गेलं, एवढं मला पुरे."

परत येताना रियाज मनातल्या मनात दोन खोल्या मोजत होता. सायकलवर पुढे बसलेली जमिला मोठ्याने सामान लावत होती. "पलंग समोरच्या खोलीत. कपाट आत. आरामखुर्ची तुमाला."

"आणि आपण कुठं?"

"आपण पलंगावर!"

गॅरेजमध्ये एक जुनी लष्करी लॉरी दुरुस्त होऊन उभी होती. रियाजने घाबरतच विचारलं तर उद्धवराव म्हणाले, "राव, तशीबी उद्या तिची ट्रायल घ्यायचीच हाय. रिकाम्या गाडीची कसली ट्रायल? वजन टाकून घे."

रविवारी भल्या सकाळी लॉरी बंगल्यापाशी लागली. शेजारच्या चार जणांनी हात लावला. पलंगाचे खांब उपसून निघाले, पण डोक्याकडची कोरीव फळी आणि खालची चौकट एकजीव होती. ती तशीच आडवी चढवली. मग कपाट. मग आरशाचं टेबल. मग जेवणाचं टेबल आणि खुर्च्या. दरवेळी रियाज म्हणायचा, "आता बस," आणि दरवेळी जमिला म्हणायची, "एवढंच!" शेवटी आरामखुर्ची उरली. तिला हौद्यात जागा नव्हती. रियाजने ती सगळ्या ढिगावर दोरांनी करकचून बांधली. खाली उतरून बघतो तर जमिला तिच्यात जाऊन बसलेली.

"खाली ये, पडशील."

"मी न्हाई पडत. तुमी गाडी सावकाश हाका म्हणजे झालं."

नानासाहेबांनी फाटकातून हात हलवला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. जमिलाने एखाद्या राणीसारखा सलाम केला आणि पहिल्याच खड्ड्याला तिचा तोल गेला. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. पुढे बसलेल्या रियाजला ती दिसत नव्हती, फक्त वरून ऐकू येत होतं. छोट्या खड्ड्याला "अगंऽ" आणि मोठ्या खड्ड्याला नुसतं खिदळणं. निगडीपर्यंत येता येता तोही एकटाच स्टिअरिंगवर हसत सुटला होता.

आकुर्डीला इंजिन तापलं. रियाजने विहिरीपाशी गाडी थांबवली आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं. पाणी भरणाऱ्या बाया कळशा ठेवून बघायला आल्या.

"कुणाचं रुखवत गं हे?" एकीने विचारलं.

"माझं!" वरून जमिला म्हणाली.

"आन नवरी कुठं हाय?"

"मीच की!"

"आन नवरा?"

बॉनेटमधून रियाजने डोकं वर काढलं. नाकापासून कानापर्यंत काळं ग्रीस.

"अगं बया, हा तर डायवर!"

बायांचा जो हशा उसळला, तो रस्त्याच्या पलीकडच्या शेतापर्यंत पोहोचला. एका म्हातारीने डोक्यावरच्या भाऱ्यातले हरभऱ्याचे डहाळे मूठभर उपटले आणि वर फेकले. "घे पोरी, नवऱ्याचं तोंड धू आन सुखानं नांदा." जमिलाने ते ओच्यात झेलले. तिथून चिंचवडपर्यंत ती वर बसून घाटे सोलून खात आली आणि टरफलं रियाजच्या खिडकीवरून उडत गेली.

गल्लीत लॉरी शिरली आणि गल्ली संपली. मागे एक बैलगाडी अडकली. दाराची फळी बिजागरीतून काढून कपाट कसंबसं आत गेलं, आरशाचं टेबल गेलं. पलंग मात्र जाईना. उभा केला, आडवा केला, तिरका केला. रियाजने हाताने दार मोजलं, पलंग मोजला, परत दार मोजलं. दार काही वाढलं नव्हतं.

"डोक्याकडची फळी कापून वेगळी करू," तो म्हणाला. "आत नेल्यावर पट्ट्या मारून जोडतो. कळणारसुद्धा नाही."

"करवत आणलीत तर मी खेडला निघून जाईन," जमिला म्हणाली आणि रस्त्यावर मांडलेल्या पलंगाच्या चौकटीत फळ्या टाकून, वर सतरंजी अंथरून आडवी झाली. बैलगाडीवाला मागून ओरडला, तर तिने त्याला हरभरा देऊ केला.

तेवढ्यात छबूबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, विधवा, आवाज खणखणीत. पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यातले वीसेक कामगार त्यांच्या खानावळीत जेवायचे. मराठवाड्यातले, कोकणातले, सगळे त्यांना टरकून असायचे.

"ही काय गत केली गं माझ्या गल्लीची? जेवायला मानसं यायची झाली. आत जात न्हाई तर गोठ्यात टाका त्ये धूड!"

"छबूमावशी, टाकते," जमिला उठून बसली. "पण एकदा बसून तर बघा."

"मला न्हाई बसायचं."

"एकदाच."

छबूबाई बसल्या, तोंड वाकडं करूनच. मग त्यांचा हात कोरीव वेलीवरून फिरला, तिथल्या पोपटावर थांबला, परत फिरला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच पाठ टेकली.

छबूबाईंनी डोळे मिटले.

"वीस वरसं भाकऱ्या बडवतेय," त्या म्हणाल्या. "ही कंबर अशी कधी सरळ झाली न्हवती गं."

कुणी हसलं नाही. बैलगाडीवालासुद्धा खाली उतरून उभा राहिला. थोड्या वेळाने छबूबाईंनी डोळे उघडले. समोर त्यांच्याच घराचं छप्पर होतं. त्या त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"रियाज," त्या झोपल्याझोपल्या म्हणाल्या, "दारानं जात न्हाई ना? मग वरनं घाल की."

"मावशी, कौलं काढावी लागतील. वासेपण."

"छप्पर माझं हाय का तुझं? काढ म्हन्ते तर काढ. पण त्ये लांबडं टेबल तुमच्या घरात मावायचं न्हाई. त्ये माझ्या पडवीत ऱ्हाईल."

"ऱ्हाईल!" जमिला रियाजच्या आधी ओरडली.

मग काय विचारता! सकाळच्या शिफ्टचे कामगार जेवायला आले होते, ते बाह्या सरसावून वर चढले. बीडकडचा भैरू सगळ्यांत पुढे. कौलं हातोहात खाली आली, अंगणात रचली गेली. वाशांचे काथे सोडले, तीन वासे बाजूला सरकवले. रियाजमधला मेकॅनिक आता जागा झाला होता. त्याने लॉरी मागे घेत भिंतीला टेकवली, पलंग परत तिच्यावर चढवला, आढ्यावरून दोर टाकले आणि स्वतः आत जाऊन उभा राहिला. जमिला भिंतीवर बसून हुकूम सोडत होती.

"भैरूभाऊ, डावीकडनं! सोडा, सोडा. अगं बाई, थांबा!"

पलंग छपराच्या भोकात शिरला आणि एक दोर सुटला. एका कोपऱ्यावर तो मोठ्या झोपाळ्यासारखा हलायला लागला. खाली रियाज होता. भैरूने उरलेला दोर कमरेला गुंडाळला आणि पाय रोवून मागे कलला, बाकीच्यांनी भैरूला धरलं.

"अहो, बाजूला व्हा!" जमिलाचा आवाज चिरकला.

रियाज बाजूला झाला नाही. त्याने दोन्ही हात वर केले, हलणारा कोपरा पकडला आणि खांद्यावर घेतला. "आता सोडा, हळू," तो म्हणाला. बोटबोट करत पलंग उतरला आणि जमिनीला लागताना त्याने एक घुमणारा "धम्" आवाज केला. त्या खोलीतला तो शेवटचा घुमलेला आवाज.

जमिला वरूनच पलंगावर उतरली आणि पहिल्यांदा तिने रियाजचा खांदा चाचपला. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मग दोघांनी आजूबाजूला पाहिलं. डावीकडे भिंत आणि पलंग यांत चार बोटं जागा होती, उजवीकडे तीन. दारातून आत आलं की पलंग, स्वयंपाकघरात जायचं तर पलंगावरून. खोलीत पलंग नव्हता, पलंगात खोली होती. रियाज पलंगाच्या काठावर मटकन बसला आणि असा हसायला लागला की त्याला बोलता येईना. आणि वरच्या भोकातून बघणारी सात-आठ तोंडं पण हसायला लागली.

ऊन उतरायच्या आत कौलं परत चढली. दोन फुटली होती, त्यांच्या जागी छबूबाईंनी काचेची बसवायला सांगितली. "पलंगावर उजेड पडूदे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पडवीत ते बारा माणसांचं टेबल मांडलं गेलं. भैरू, रंगराव आणि बाकीचे कामगार आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर जेवायला बसले. हात कुठे ठेवायचे कळेना, पायांचं काय करायचं तेही कळेना. शेवटी भैरूने खुर्चीवरच मांडी घातली, ते पाहून सगळ्यांनी घातली, आणि दोन ओळींत दहा जण देवळातल्या मूर्तींसारखे ताठ बसले. छबूबाई पिठलं वाढता वाढता थांबल्या. आपली खानावळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जमिला," त्या म्हणाल्या, "तू वाढू नकोस. आज तू टोकाला बस. नवरी हायस."

जमिला टोकाच्या खुर्चीवर बसली. शेजारी रियाज, तोंड धुतलेला, पण कानामागे ग्रीस तसंच. तिने भाकरी मोडली, आणि कुणीतरी "सावकाश होऊ द्या" म्हणायच्या आधीच टेबलाच्या त्या टोकाला भैरूची खुर्ची मांडीसकट मागे कलंडली.