अज्ञान पालनकर्ती

पेनाला बांधलेली सुतळी ताणली गेली आणि पेनाचं टोक सहीच्या रेघेच्या दोन बोटं अलीकडेच थांबलं. कुणी पेन खिशात घालून नेऊ नये म्हणून काउंटरच्या खिळ्याला बांधलेली ती सुतळी मधे कधीतरी तुटलेली, गाठ मारून जोडलेली होती, आणि ती गाठ शाईने निळी झाली होती... अनिताने फॉर्मच पेनाकडे सरकवला. पेन जागचं हलणार नव्हतं, कागदाने पुढे यायचं होतं. तिला ते बरं वाटलं. इथल्या वस्तू बांधलेल्या असतात. अकरा वर्षांपूर्वी कामशेतच्या बाजारपेठेतल्या या पतसंस्थेत ती पहिल्यांदा आली, तेव्हाही तिला असंच बरं वाटलं होतं.

"मावशी, थांबा. तुमची सही नाही चालणार."

काचेपलीकडचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल. छातीवरच्या पट्टीवर प्रज्ञेश एवढंच लिहिलेलं. त्याने पावती तिच्याकडे फिरवली आणि एका ओळीखाली नख ठेवलं.

"कुमारी सारिका केरबा. ठेव मुलीची आहे. तुम्ही अ.पा.क."

"म्हंजे?"

"अज्ञान पालनकर्ती. मुलगी अज्ञान होती तोवर सही तुमची. आता ती सज्ञान झाली. जन्मतारीख बघा ना, सप्टेंबरात तीन वर्षं झाली की."

"पन पैसं मी भरल्यात. भाकऱ्या थापून भरल्यात."

"भरले असतील. ठेव तिची." तो उद्धट नव्हता, हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार. "पंधरा मिनिटांचं काम आहे, मावशी. तिला घेऊन या, आधार, पॅन, दोन फोटो. दीडच्या आत आलात तर आजच चेक देतो. मुदतीआधी मोडताय, व्याज थोडं कापलं जाईल. लग्नाला ठेवली होती का?"

"नडीला."

"मग नड तिलाच सांगा," तो हसून म्हणाला आणि मागच्या माणसाचं पासबुक घ्यायला हात पुढे केला.

ती बाहेर आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स काखेत. एक लाख बेचाळीस हजार. हॉस्पिटलला तीन वाजेपर्यंत सत्तर हजार भरायचे होते, म्हणजे नवऱ्याच्या, केरबाच्या, मांडीच्या हाडात आजच सळई बसली असती. काल संध्याकाळी पवनानगरच्या स्टँडवर, तो चालवतो त्या जीपच्या टपावरचं सामान उतरवताना त्याचा पाय घसरला आणि तो खालच्या दगडी कठड्यावर पडला. सरकारी उपचार योजनेचं कार्ड घरात होतं, पण या हॉस्पिटलात योजना नव्हती, आणि जिथे होती तिथे चार दिवस थांबा म्हणाले होते. चार दिवस थांबलं तर पाय आखूड राहील, असं डॉक्टर म्हणाला होता. आखूड पायाने क्लच दाबता येत नाही.

म्हणजे ही नड होती. याबद्दल शंका नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला शंका नव्हती.

अज्ञान. तो शब्द पावतीवर होताच की, दर वर्षी ती तो वाचत आली होती. अज्ञान म्हणजे लहान, असा कायदेशीर अर्थ असेल, हे आज कळलं. तिने तो सरळ घेतला होता. अज्ञान, म्हणजे जिला माहीत नाही ती. आणि पिंकीला माहीत नव्हतंच. घरात सगळे पिंकी म्हणत, सारिका हे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि या पावतीवर. त्यामुळे पावतीवरची सारिका ही कुणीतरी दुसरीच मुलगी आहे, शांत, काही न मागणारी, असं अनिताला कधीकधी वाटायचं. मुलींच्या ठेवीला अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून तिच्या नावावर ठेवली. आणि मुलीच्या नावाचा पैसा केरबाला मोडता आला नसता म्हणूनही. आता तो अनितालाही मोडता येत नव्हता.

हॉस्पिटलकडे परत जाताना सहासीटरमध्ये तिला पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला जागा मिळाली. हायवेला लागल्यावर वारा तोंडावर यायला लागला. फोन करायचा — पिंकी, आधार-पॅन घेऊन कामशेतला ये, बस्स, एवढंच. ती विचारेल, कशाला? मग काउंटरवर तो मुलगा तिच्यापुढे पावती फिरवेल आणि नख ठेवेल, आणि पावतीवर पहिल्या ठेवीची तारीख छापलेली आहे, अकरा वर्षांपूर्वीची. पिंकी हिशोबाला हुशार. ती तारीख वाचेल, आणि मग तिच्या डोळ्यांत तो जुलै येईल.

तो जुलै... बारावीचा निकाल लागला होता, नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत नाव आलं होतं, ऐंशी हजार भरायचे होते. पिंकी चार दिवस जेवली नाही असं नाही, ती जेवली, शहाणी मुलगी, पाचव्या दिवशी तिने विचारलं, आई, कुटंच न्हाई का? आणि मी म्हटलं, कुटं असणार? मी तेव्हा पीठ मळत होते. शनिवारी पवनेच्या काठावर तंबू लागायचे, पुण्या-मुंबईची पोरं चुलीवरच्या भाकरीसाठी यायची, नगाला दहा रुपये, रात्रीत दीडशे भाकऱ्या. पिठाच्या डब्याच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांखाली, हीच पावती होती. कुटं असणार, म्हणताना माझा हात त्या डब्यात कोपरापर्यंत गेलेला होता. ती माझ्या हाताकडे बघत होती. काय बघत होती कोण जाणे.

शिक्षण ही नड नव्हे. शिक्षण थांबू शकतं, पुढच्या वर्षी होऊ शकतं, नाही झालं तरी माणूस मरत नाही. असं मी स्वतःला सांगितलं होतं आणि ते चूक नव्हतं. पिंकी मेली नाही. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरला उभी राहते, शेंगदाण्याची, काजूची, गुळाची, साखरेची, दिवसभर तेच, बारा हजार. केरबाची दाढ ठणकत होती ते दोन महिने, तीही नड नव्हती, गावात उपटून घेतली. माझा चष्मा नव्हता. नड म्हणजे काय ते मला माहीत होतं. पिंकी सव्वा वर्षाची होती, छाती भरली होती, श्वासाबरोबर बरगड्या आत जायच्या, आणि मी जावेच्या, धोंडाबाईच्या, दारात उभी होते. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. तेवढे तांदूळ निवडून संपवले, मग उठली, मग आत गेली, मग दोनशे रुपये आणून दिले आणि म्हणाली, परत कधी देशील? त्या सुपातले खडे मी मोजले होते. नऊ. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे कुणी सूप हातात धरून मला उभी करणार नाही.

आणि आज समजलं की त्या जुलैत पिंकी अठराला दोन महिने कमी होती. अज्ञान होती. माझ्या एकटीच्या सहीने पैसे निघाले असते.

वडगाव मागे पडलं. ड्रायव्हर कुणाशीतरी फोनवर शिरगावच्या गुरुवारच्या गर्दीचं बोलत होता, भाडी चांगली मिळतात म्हणत होता. अनिताने पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन एकदा उघडून लावली.

पिंकी हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या बाकावर बसली होती. दुकानाचा केशरी टी-शर्ट तसाच, काल कामावरून तशीच आली होती. फोन कानाला. अनिता खांबाशी थांबली.

"पप्पूदादा, जीप तुझी हाय, म्हणून तुला पहिल्यांदा केला... न्हाई, तसं न्हाई म्हणत, तुझ्यावर कशाला ढकलू... पाच तरी? ... हां. हां, सहा चालतील. पुढच्या महिन्यात पप्पा न्हाई तर मी देते. हसू नको, खरंच देते."

मग दुकानाच्या शेठला केला. तिथे ती उभी राहून बोलली, समोर माणूस असल्यासारखी. पगाराची उचल मिळेल का, निम्मी तरी. पलीकडून काहीतरी लांबलचक सांगितलं जात होतं आणि पिंकी हो सर, हो सर म्हणत बाकाच्या पाठीवरचा रंगाचा पोपडा काढत होती. अनिताला ते सूप आठवलं नाही. नंतर तिला याचंच नवल वाटलं, की मुलगी तशीच मागत उभी होती आणि मी खांबाआडून बघत होते आणि मला सूप आठवलं नाही. मला घड्याळ दिसत होतं. साडेबारा झाले होते. रिक्षा केली तर दीडच्या आत कामशेत गाठता आलं असतं.

"आलीस? मिळाले का त्या बाईकडं?" पिंकीने विचारलं. सकाळी निघताना अनिताने तिला सांगितलं होतं, कामशेतला ओळखीची एक बाई आहे, बघते.

सांगायचं असतं तर इथे सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं, सगळ्या वाटेत तिने ते तयार केलं होतं — पिंके, तुझ्या नावावर थोडं हायेत, तुझ्या लग्नाला म्हणून ठेवलं होतं... लग्नाला म्हटलं असतं तर चाललं असतं. लग्नासाठी ठेवलेला पैसा आई शिक्षणाला मोडत नाही, हे कुठल्याही मुलीला कळतं.

"न्हाई," अनिता म्हणाली. "गावाला गेलीय ती. कुलूप हाय."

पिंकीने मान हलवली. ती परत बाकावर बसली. मग तिने फोन मांडीवर उपडा ठेवला.

"मग ऱ्हाऊ दे. माझ्याकडं हायेत."

"काय?"

"चौसष्ट. पप्पूदादाचे सहा आले की होतात सत्तर." ती हे बाकाकडे बघत सांगत होती. "यंदा फॉर्म भरणार होते. नर्सिंगचा. आता वय बसतंय अजून. तुला सांगणार होते, यादी लागली की."

अनिताच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप निघालं, इतक्या सरावाचं की आवाजसुद्धा चढला. "चौसष्ट हजार? आणि दिवाळीला किराण्याचं भागत नव्हतं तवा तू तोंड मिटून बसलीस? घरात ऱ्हातीस, जेवतीस, आणि आईबापापासून पैसं लपवतीस?"

बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या म्हातारीने वळून पाहिलं.

पिंकी हसली. अगदी थोडं. "नडीला ठेवले होते गं. दिवाळी काय नड असती का?"

हे वाक्य अनिताचं होतं. चालही तिचीच. पोरीने ते कधी उचललं कोण जाणे, आणि उलटं फेकायला उचललं होतं की जपून ठेवायला, हे तिच्या तोंडाकडे पाहून कळत नव्हतं. एक क्षण अनिताला अभिमान वाटला. खरोखरच वाटला. चिक्कीच्या बारा हजारांतून तीन वर्षांत चौसष्ट, जाण्यायेण्याचं भाडं वजा जाता, घरात पाच देऊन. माझी मुलगी. मग तिला वाटलं, पोरीने एवढे साठवले म्हणजे माझ्या नाही म्हणण्याने तिचं काही बिघडलं नाही, उलट घडलंच. हा विचार इतका सोयीचा होता की तिने तो लगेच आत ठेवून दिला.

पप्पूदादाचे सहा आल्यावर हॉस्पिटलच्या काउंटरवर पिंकीने फोन पुढे धरला. बाईने रक्कम टाकली. पिंकीचा अंगठा आकड्यांवर थांबला. अनिता शेजारीच उभी होती, तिला पडदा दिसत होता, आणि तिने मनात एक ते दहा म्हणायचं ठरवलं. दहाच्या आत बोलायचं. सात झाले तेव्हा फोन टिंग वाजला.

"पावती कुणाच्या नावाने करू?" बाईने विचारलं.

"पेशंटच्याच," पिंकी म्हणाली. पडद्यावर खाली तीनशे अकरा राहिले होते. ती त्यांच्याकडे पाहून फोन खिशात टाकताना जरा सैल उभी राहिली, जड पाटी डोक्यावरून उतरवल्यावर बायका उभ्या राहतात तशी. अनिताला त्या सैल खांद्यांचा हेवा वाटला. असं आपण कधी उभ्या राहिलो होतो ते तिला आठवेना.

दोनच्या सुमाराला केरबाला वर न्यायला आले. स्ट्रेचरवर तो लहान दिसत होता. तो एकच गोष्ट विचारत होता, वॉर्डबॉयलाही विचारून झालं होतं.

"पैसं कुनी भरलं?"

लेकीचा पैसा बाप खात नाही. केरबा त्या बाबतीत हट्टी होता. पिंकीच्या पगारातले पाच हजार घरात यायचे तेही अनिताच्या हातात, त्याच्यासमोर नाही. पिंकी कामाला लागली त्या दिवसापासून तो तिच्याकडून चहासुद्धा घेत नसे. त्याला कळलं असतं तर तो आत्ता, या जिन्यापाशी, सळईला नाही म्हणाला असता.

"आईनं," पिंकी म्हणाली.

अनिताने तिच्याकडे पाहिलं. पिंकी बापाच्या अंगावरची चादर सारखी करत होती.

"आईनं साठवलं होतं. लय दिवसांपासनं. आपल्याला सांगत नव्हती."

केरबाने हात बाहेर काढला आणि अनिताचं मनगट धरलं. त्याचे डोळे भरले होते. "मला म्हाईत होतं," तो म्हणाला. "रातभर मनात म्हनत होतो, तुज्याकडं काय तरी आसंल. तू आसं उघड्यावर सोडनार न्हाईस." मग पिंकीला म्हणाला, "बग. आईकडनं शिक."

"शिकतीय की," पिंकी म्हणाली.

लिफ्टचा दरवाजा मिटला. पिंकी बाकाकडे गेली, बसली आणि दुकानात फोन लावून उद्याची सुट्टी मागू लागली, तोच हो सर, हो सर.

अनिता तिथेच थांबली. लय दिवसांपासनं. हे पोरीने असंच जोडलं होतं की तिला माहीत होतं? पिठाचा डबा तीसुद्धा घासायची, वर्षातून दोनदा तरी. कागद बदलायची. विचारता आलं असतं, पण विचारणं म्हणजे सांगणं. अनिता लाजेची वाट पाहत राहिली. ती येईल, आता येईल, केरबाने धरलेल्या मनगटातून वर चढत येईल... तिच्याऐवजी जे आलं ते हळूहळू आलं आणि ओळखायला वेळ लागला. पावतीवर आता फक्त पिंकीची सही चालते. आणि आजच्यानंतर ती सही मागणं शक्य नाही — आज नाही, पुढच्या जुलैत नाही, मी स्वतः त्या स्ट्रेचरवर असले तरी नाही. कसलीही नड आली तरी ते पैसे आता मोडणार नाहीत. अकरा वर्षांत ते इतके सुरक्षित कधीच नव्हते.

तिने पर्स काखेत घट्ट धरली. आत, छातीत, सगळं स्वच्छ आणि स्थिर झालं होतं, आणि पलीकडे बाकावर मुलगी कुणालातरी सांगत होती की नाही सर, पगार कापला तरी चालेल.