रांगेतली किटली

“शांतलिंग, तुजं माप आन् तुज्या बापाचं नाक एकाच साच्यातलं दिसतंय. दोनी वाकडं!”

कडुनिंबाखालच्या ओट्यावरून मथुराबाईने आवाज टाकला आणि दूध सोसायटीच्या दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माप घालणारा सेक्रेटरी शांतलिंगही हसला. मथुराबाईने नावं ठेवली नाहीत तर दिवस उगवल्यासारखा वाटत नाही, असं अणदूरच्या त्या गल्लीत सगळ्यांचंच झालं होतं.

तिथली रीत अशी, की आल्या आल्या आपली किटली रांगेत ठेवायची आणि ओट्यावर येऊन टेकायचं. रांगेत माणसं नसत, किटल्या असत. एकीचं माप झालं की जिने तिने आपली किटली पुढे घ्यायची. कुणी बोलण्यात रंगलीच, तर मागचीने तिची पायाने सरकवायची. दुधाने भरलेली किटली सरकताना आवाज करत नाही.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. वैरण संपत चालली होती, रांग आखडत चालली होती, आणि ओट्यावरच्या गप्पा तेवढ्या वाढल्या होत्या.

मालनबाईची नवी सून गुलाब म्हणाली, “अक्का, तुमी समद्यांला हसवता. माणसानं सुखानं ऱ्हावं कसं, ते बी सांगा की.”

“सोपं हाय. सकाळी चार माणसांत बसावं, शिळी भाकर ताजी असल्यागत खावी, आन् कुणाची कीव घिऊ नाय. कीव करणारं मानूस लई गोड बोलतंय बघ. ‘कसं गं झालं बाई’ म्हनत दारात येतंय, आन् डोळा कणगीवर. कणगीचा तळ दिसला की घरी जाऊन दोन घास जास्त खातंय.”

“आन् सासूसंगं कसं ऱ्हावं?”

“तुजी सासू तर लई कामाची. तिच्या दुधात बघून कुंकू लावता येतंय.”

बायका खिदळल्या. मालनबाईच्या दुधातल्या पाण्यावर मथुराबाई कित्येक वर्षं बोलत आली होती. मालनबाईने मान उडवली. “लावा की मग. तुमचा आरसा तरी झिजायचा न्हाय.”

मथुराबाई हसली, पण तिचा डोळा आपल्या किटलीवर होता. किटली रिकामी होती.

आदल्या दिवशी अंधार पडल्यावर तिचे नवरे तात्याराव चंद्री म्हशीला घेऊन नळदुर्गकडे गेले होते. तिकडे मथुराबाईचं माहेर, भावाच्या विहिरीला अजून पाणी होतं. घरातली कडब्याची शेवटची पेंढी संपली होती. लग्न होऊन आल्यापासून मथुराबाई त्या दारात काही मागायला गेली नव्हती. आता म्हैस गेली. निघताना चंद्री खुंट्यापाशी अडली, मागे वळून हंबरली. तात्यारावांनी आत बघितलं. “हाकला की, मुहूर्त बघताय का?” मथुराबाई आतूनच बोलली, आणि बाहेर काही आली नाही.

आज सवयीने हातांनी किटली घासली, सवयीने पाय चालले. सोसायटी दिसल्यावर तिच्या ध्यानात आलं. पण तोवर बायकांनी “आल्या बघा अक्का” केलं होतं. माघारी फिरावं तर सांगावं लागणार. तिने ठरवलं, घटकाभर बसायचं आणि नंबर यायच्या आधी चुलीवर काही ठेवून आल्याचं निमित्त करून उठायचं.

पण जीभ कधी तिच्या ताब्यात होती? गुलाबला सासवांचे प्रकार सांगण्यात ती गुंगली आणि रांग पुढे गेली. मालनबाई उठली. रोजच्यासारखा तिने मथुराबाईच्या किटलीला पाय लावला.

किटली टणटणत हातभर पुढे गेली.

ओट्यावरच्या माना वळल्या. तो आवाज कशाचा, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? मालनबाईचा दिवस आला होता. एवढ्या वर्षांचं सगळं आता ती एका वाक्यात फेडणार होती.

मालनबाईने पदर खोचला. खाली वाकली. रिकामी किटली दोन्ही हातांनी धरून, कण्हत उचलली आणि अलगद पुढे ठेवली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगं आई गं! अक्का, म्हैस हाय का हत्तीण? कंबर मोडली की माजी.”

कुणीही हसलं नाही.

मथुराबाईचा नंबर आला. शांतलिंगने माप पुढे केलं नाही, ते उगीच फडक्याने पुसत राहिला. मथुराबाई ओट्यावरून उतरली, झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर किटली पालथी केली.

“बघून घ्या. पाण्याचा थेंब बी न्हाय यात. चंद्री माज्या माहेरी गेलीय. मी कदी मागाया गेले न्हाय, ती गेली.” मग वळून म्हणाली, “आन् मालन, तुला वजनातलं काय बी कळत न्हाय.”

“न्हायच कळत,” मालनबाई खाली बघत म्हणाली. “उद्या बी ठेवा किटली, अक्का. मी सरकवीन.”

“किटली कशाला? दगड ठेव. वाजत तरी न्हाय.”

रोज येताना भरल्या किटलीच्या भाराने ती एका अंगाला कलायची. जाताना रिकामी किटली घेऊनही ती तशीच कलून गेली.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर निघाली. बहात्तर साली तिने खडी फोडली होती. पुढे सोसायटी निघाली, चंद्री आली, तेव्हा हातोडा तिने माळ्यावर टाकला होता. तो आज घमेल्यात होता. सोसायटीकडे बघायचं नाही म्हणून ती मागच्या बोळाने आली, तरी कडुनिंब दिसलाच.

ओट्यावर बायका बसल्या होत्या. बोलत कुणीच नव्हतं. मधे एका बाईपुरती जागा सोडलेली होती. रांगेत मालनबाईच्या किटलीच्या पुढे एक काळा दगड होता, धुतलेला.

कुणाचं तरी माप झालं. मालनबाई उठली, वाकली, दोन्ही हातांनी तो दगड उचलला आणि अलगद पुढे ठेवला.

मथुराबाईने घमेलं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि ती रस्त्याला लागली.