पडवळाला बांधलेला दगड

"कालपासून बोटभर तरी वाढायचं होतंस रे! नुसतं लोंबकळायला ठेवलंय का तुला?"

माझं शिवणाचं मशीन खिडकीला लागून, म्हणून ऐकू आलं. बाहेर मांडवाखाली आमचे हे पडवळाशी बोलत होते. फोर्टातल्या कचेरीत एकवीस वर्षांत शिपायालासुद्धा कधी अरे म्हणाले नाहीत. आता वेलाला रागे भरतात.

फेब्रुवारीत यांना छातीचं दुखणं झालं. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली. ती यांनी आधी घड्याळ लावूनच घेतली. मुलुंडच्या आमच्या जागेला मागे परसू आहे, हे त्यांना नऊ वर्षांनी कळलं. अक्षय्य तृतीयेला मी बिया टोचल्या आणि पाणी घालायचं काम त्यांच्या गळ्यात मारलं.

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने बारीक खडा बांधतात. लवकर वाढावं म्हणून यांनी पहिल्याच पडवळाला चांगला धोंडा बांधला. तुटलं ते. मग उमगलं की खडा चिंचोक्याएवढा पुरतो, बाकीचं वेल आपल्या सवडीनं करतो.

श्रावणात इतकी पडवळं उतरली की हे टोपली घेऊन निघाले की शेजारणी दारं लोटून घ्यायच्या. घर माझ्या शिवणावर चाललेलं, मशीन मारून माझी पाठ धरली होती. पण सकाळी आम्ही दोघं चहाचे कप घेऊन मांडवाखाली बसायचो. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढं भरलेलं घर मी पाहिलं नव्हतं.

रविवारी घाटकोपरहून नीला आली, यांची धाकटी बहीण. तिचा नवरा यांच्याच कचेरीत.

"दादा, उद्या हजर होतोयस ना रे? साहेबांनी ह्यांना दोनदा विचारलं."

"हो, हो."

"वहिनीची पण सुटका होईल. बघ कशी झालीय ती! कोट इस्त्रीला दिलास?"

"देतो."

"चहा टाकते," मी म्हटलं. सहा महिने हा विषय निघाला की मी चहाच टाकत होते.

आधण ठेवून दारात आले, तर हे सुतळी घेऊन पडवळाशी उभे. हातात मुठीएवढा दगड. मी तोंड उघडेपर्यंत गाठ बसली आणि हातभर पडवळ मधूनच तुटून खाली पडलं.

"एकच तर गेलं, दादा," नीला म्हणाली. "आणि उद्यापासून कुणाला वेळ आहे ह्या सगळ्याला?"

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडवळ उचलून सदऱ्याला पुसत राहिले. माझी पाठ ठणकत होती. आत दिवाळीपर्यंतचे ब्लाऊज बेतून पडले होते. नुसतं 'हो ना' म्हटलं असतं, तर मी सुटले असते.

"वन्सं," मी म्हटलं, "यांना परत कामावर जायचं नाहीये. आणि मी कितीही दमले, तरी मलाही ते जायला नकोत."