ज्येष्ठताक्रम

पुकारा

गार्गीनं मॉपच्या दांड्यानं ढोसून ढोसून कपाटावरची मोठी बॅग कडेला आणली आणि ती धाडकन पलंगावर पडली. कणकेचे हात तसेच घेऊन आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"वेड लागलंय का गं? दिवस भरत आलेत आणि करतेस काय!"

"तुझी बॅग भरतेय. सोमवारी शपथ आहे ना तुझी?"

"मी जाते म्हटलं का?"

"तू नाही म्हणशील का?"

आईनं मनगटानं केस मागे सारले, तेवढा पिठाचा एक पट्टा कपाळावर उमटला.

तासाभरापूर्वी नाशिकहून बाबांचा फोन आला होता. राजाभाऊ उपासनी म्हणजे हळू बोलणारा माणूस. आज मात्र दोह्यातल्या अल थुमामातला हा फ्लॅट त्यांनी फोनवरून दणाणून सोडला. "न्यायमूर्ती बाई आहेत का घरात? अधिसूचना निघाली! सात नावं आहेत, पहिलं आपलं!"

जिल्हा न्यायाधीश नीता उपासनी यांचं नाव उच्च न्यायालयासाठी वर जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. महिनाअखेरीला साठ पूर्ण होऊन त्या निवृत्त होणार होत्या; त्याआधी शपथ झाली तरच उच्च न्यायालयातली पुढची दोन वर्षं. आता काही होत नाही असं स्वतःच ठरवून त्यांनी रजा टाकली आणि लेकीच्या बाळंतपणासाठी दोहा गाठलं. आणि आता हे.

मुद्दा

मुद्दा जावयानं मांडला. शौनक ऑफिसमधून आला तो पेढे शोधत चार दुकानं फिरून, शेवटी बकलावा घेऊन.

"आई, अभिनंदन! पण एक आहे. वर्ल्डकपमुळे एक तारखेपासून व्हिजिट व्हिसा बंद झालेत. आत आहेत त्यांना राहता येतं. एकदा बाहेर गेलात की खलास. हय्या कार्ड असल्याशिवाय परत येता येणार नाही."

"ते कुठं मिळतं?"

"मॅचचं तिकीट काढलं की."

"मग काढ की एक. गालावर झेंडा रंगवून बसेन स्टेडियममध्ये." आई हसली, मग तिची तीच म्हणाली, "पण रजा कोण देणार? शपथ झाली की दुसऱ्या दिवसापासून बोर्डावर नाव. नवीन सून आणि नवीन न्यायमूर्ती, दोघींनी लगेच माहेरी जायचं नसतं."

म्हणजे सोमवारची शपथ घेतली तर बाळंतपण हुकलं. खिडकीबाहेर स्टेडियमची पांढरी, टोपीसारखी इमारत दिव्यांची तालीम करत होती. निळी झाली, मग पुन्हा पांढरी.

वरच्या मजल्यावरची रुकैया बकलाव्याला आली होती. ती दापोलीची, नवरा इथल्या हमद बंदरात नोकरीला. "तुम्ही जावा काकी," ती म्हणाली. "मी हाय ना. माझी दोन पोरं हितंच झाली, आई न्हवती तरी झाली. गार्गीला मी सांभाळीन."

"आई नव्हती तरी," आईनं तिचेच शब्द पुन्हा म्हटले.

गार्गीची बाजू

गार्गीला आपली बाजू मांडायचीच नव्हती. तिला सवय होती.

मुखेड, वणी, सावंतवाडी, अचलपूर. तीन वर्षं झाली की बदली, नवी शाळा, नवा सरकारी बंगला आणि त्याच्या फाटकावरचा तोच शिपाई वाटावा असा शिपाई. वर्गातल्या मुलींचे वाढदिवस तिनं लांबूनच पाहिले. कुणाच्या वडिलांची केस आईपुढे उभी राहील, सांगता येत नाही, म्हणून कुणाकडे जायचं नाही, कुणाचा केक खायचा नाही. त्याच आईला या महिन्यात रुकैयाच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, मालिकेतल्या सासूला शिव्या घालताना बघून गार्गी दारातच थबकली होती. इथं कुणाचीच केस आईपुढे येणार नव्हती.

आणि ज्येष्ठता! इतर घरांत जेवताना भाजीवर बोलतात, यांच्याकडे ज्येष्ठतेवर बोलत. कोण कुणाच्या वर, कुणी सकाळी शपथ घेतली, कुणी दुपारी. आधी घेतलेला कायमचा वरचा. खुर्ची, खंडपीठ, फोटोतली जागा, सगळं त्यावर. वीस वर्षांपूर्वी बोंद्रे नावाच्या गृहस्थांनी आईच्या वरच्या क्रमाला आव्हान दिलं होतं. आई अडीच वर्षं लढली आणि जिंकली. घरात त्या दिवशी श्रीखंड झालं होतं.

आताच्या अधिसूचनेत दुसरं नाव बोंद्र्यांचंच होतं.

म्हणून गार्गीनं बॅग काढली होती. निकाल काय लागणार ते ठाऊक असताना वाट कशाला बघायची?

निकाल

आईनं हात धुतले, चष्मा घातला आणि मुंबईला फोन लावला. गार्गी साड्यांच्या घड्या घालत होती. आईचा आवाज कोर्टातला होता, सपाट.

"रजिस्ट्रार साहेब, माननीय मुख्य न्यायमूर्तींना माझी विनंती कळवा. सोमवारी मी हजर राहू शकत नाही. महिनाअखेरीच्या आत, त्यांच्या सोयीच्या दिवशी."

पलीकडून बरंच काही बोललं गेलं.

"हो. क्रमाची मला कल्पना आहे."

पुन्हा पलीकडून.

"सगळ्यात शेवटी. हो. लेखी पाठवते."

गार्गीच्या हातातली साडी अर्धीच राहिली.

"आई, अगं बोंद्रे तुझ्या वर जातील."

"जाऊ देत."

"सहाच्या सहा वर जातील! कायमचे!"

"मोजता येतं मला. ती बॅग वर ठेव. नको, तू नको. शौनक, ठेव रे."

कारणं

कारणं न देता काढलेला आदेश वरच्या कोर्टात टिकत नाही, हे आई आयुष्यभर सांगत आली होती.

तिनं दिली नाहीत. कणीक पुन्हा मळायला घेतली.

तारीख

बाळ काही वेळेवर आलं नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटली, तरी आत निवांत.

सोमवारी सहा जणांची शपथ आईनं फोनवर पाहिली. बोंद्रे उठले तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. "कोट चांगला शिवलाय," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. बाबा रोज फोन करत आणि होणाऱ्या नातवंडाची चौकशी झाली की खोकून विचारत, "आणि विमानं मिळतायत ना?" गार्गी रात्री कूस बदलायची आणि पोटावर हात ठेवून दटावायची. उशीर केलास ना, तर आजीची शपथच जाईल. आई मात्र ढाराढूर झोपलेली.

शेवटी एका दुपारी कळा सुरू झाल्या. रस्त्यांवर सगळ्या जगाचे झेंडे, निम्मे रस्ते बंद. शौनक वळण चुकला, मग पुन्हा चुकला.

"यल्ला, चला शौनकराव," मागच्या सीटवरून आई म्हणाली, "हे प्रकरण तहकूब होणारं नाही."

गार्गी कळ सोसता सोसता हसली आणि हसता हसता ओरडली. तिचा हात आईच्या हातात होता. तो संध्याकाळपर्यंत सुटला नाही. मुलगी झाली. नर्सनं बाळ आधी आजीकडे दिलं. तिनं चष्मा काढून ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

अंमलबजावणी

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. मुंबईला उच्च न्यायालयाच्या उंच छताच्या दालनात आज एकाच माणसाची शपथ होती. एवढ्यासाठी सगळे न्यायमूर्ती रांगेनं येऊन उभे होते, अगदी मुख्य न्यायमूर्तीसुद्धा. गार्गी सोफ्यावर, मांडीवर बाळ, उशीला टेकवलेला फोन. शेजारी रुकैया बाळंतिणीचे लाडू घेऊन.

"मी, नीता राजाराम उपासनी..."

आवाज जराही हलला नाही. बाबा पहिल्या रांगेत रुमाल शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता. शपथ संपली, सही झाली. मग आई वळली आणि खुर्च्यांच्या रांगेकडे चालू लागली. एक खुर्ची मागे पडली, दुसरी, तिसरी. बोंद्र्यांच्या समोरून जाताना त्यांनी मान लववली. तीही लववत पुढे गेली, पाऊल लांब टाकत. अशी ती पूर्वी नवीन गावच्या बंगल्यात शिरायची, पुढे आई आणि मागे सामानाचा ट्रक.

"काकी बसल्या कुठं? मला दिसत न्हाईत," रुकैया फोनवर वाकली.

गार्गीनं पडद्याच्या अगदी कडेला बोट ठेवलं.

"ही बघ. शेवटची."

"एवढ्या लांब? आणि तू हसतेस काय?"

दालनात टाळ्या सुरू झाल्या होत्या. गार्गीनं आवाज वाढवला, आणखी वाढवला. बाळ दचकून जागं झालं, तरी तिनं तो कमी केला नाही.