फळ्यावरचे तीनशे चौसष्ट दिवस

आमच्या वॉर्डाच्या दाराबाहेर एक फळा आहे: 'दाबाची जखम न होता गेलेले दिवस'. पडून असलेल्या पेशंटच्या टाचेला किंवा पाठीला जखम झाली, की आकडा पुसायचा आणि शून्यापासून सुरुवात. त्या दिवशी तिथे तीनशे चौसष्ट होते. दुसऱ्या दिवशी वर्ष पुरं होणार, तपासणीची मंडळी येणार आणि आठवडाभरात मोठ्या सिस्टर निवृत्त होणार. तो आकडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

दर दोन तासांनी त्या सगळ्यांना कुशीवर वळवायच्या. सहा नंबरचे शिंपी आजोबा कुरकुरायचे, "अहो, मी माणूस आहे की उन्हात टाकलेली गादी?"

"गप पडा, आजोबा," त्या म्हणायच्या. आजोबा गप पडायचे.

तापाची साथ आली आणि आमच्या तोंडांवर घट्ट मास्क आणि गॉगल चढले. आठ-आठ तास. गालांवर वळ, हनुवटीवर पुटकुळ्या. माझा नवरा प्रेमाने म्हणाला, "चष्मा काढून झोप ना." मी चष्मा लावतच नाही. मोठ्या सिस्टर मात्र आमच्यासमोर मास्क काढायच्याच नाहीत. चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून.

त्या तीनशे चौसष्टाव्या दिवशी दुपारी मी कापूस आणायला स्टोअररूममध्ये गेले, तर त्या आरशासमोर उभ्या. नाकाच्या हाडावरची कातडी सोलून लालभडक झालेली.

"दाबाची जखम आहे," त्या चोरी पकडल्यासारख्या म्हणाल्या.

"असू दे की. तुम्ही काय पेशंट आहात?"

"फळ्यावर 'पेशंट' असं कुठे लिहिलंय?"

मी धावत जाऊन डस्टर कपाटात लपवलं. वयाला शोभत नाही, पण माझा स्वभावच तसा. त्यांनी सरळ तळहाताने आकडा पुसला आणि शून्य काढलं. मला इतका राग आला, की सहा नंबरपाशी जाऊन मी सगळं आजोबांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी विचारलं, "जखम कुठल्या बेडवर?" मोठ्या सिस्टरांनी तिथेच, फळ्यापाशी, मास्क खाली ओढला. त्यांच्यातला सगळ्यात खडूस माणूस मास्कवरून स्वतःचं नाक चाचपत पुढे सरकला.

दोन वाजता सहा नंबरची घंटा वाजली.

"दोन तास झाले," आजोबा मोठ्या सिस्टरांना म्हणाले. "आधी तुम्ही बाहेर जाऊन तोंड मोकळं करून या. मगच मी कूस बदलेन."

"अहो आजोबा..."

"गप जा."

त्या गुमान गेल्या. मग घंटा दर दोन तासांनी वाजू लागली, आणि पेशंटच्या टाचेला लावतो तीच मऊ पट्टी त्यांच्या नाकावर बसली.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी फळ्यावर सहा होते. तीनशे चौसष्ट दिवसांत कधी नाही, पण त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी आकड्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, मास्क काढून.